वजन अठरा किलो, पण ते कमरेपासून किती लांब?

प्रश्न : मी एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात पर्यवेक्षक असून माझ्या हाताखाली ३२ माणसे काम करतात. बाहेरून आलेली १८ किलोची खोकी पॅलेटवरून (माल रचून ठेवायच्या बुटक्या चौकटीवरून) उचलून ९० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ठेवायची, कटरने उघडायची, आतला माल तपासून लहान डब्यांत भरायचा आणि चिकटपट्टी लावून पुढे सरकवायचा, असे आमचे काम आहे. उचलणाऱ्या माणसाला मिनिटाला साधारण एक खोके उचलावे लागते. गेल्या वर्षभरात तिघांच्या कमरेत उसण भरली, दोघींच्या हातांना मुंग्या येतात, एकीचा खांदा वर जात नाही आणि एकाच्या तळहाताला कटर लागला. व्यवस्थापनाने सर्वांना कमरेचे पट्टे दिले, ‘गुडघ्यांतून वाका, पाठ ताठ ठेवा’ अशी चित्रे भिंतींवर लावली आणि एक दिवसाचे प्रशिक्षणही घेतले, तरी फरक पडलेला नाही. वरिष्ठांचे म्हणणे असे, की १८ किलो म्हणजे काही फार वजन नव्हे, माणसेच नीट उचलत नाहीत. मी अर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम आणि अवजारे माणसाच्या शरीराला बेतून आखण्याच्या शास्त्राचा, विषय काढला तेव्हा ‘ते ऑफिसातल्या खुर्च्यांचे फॅड आहे’ असे उत्तर मिळाले. याने दुखापती खरोखर टळतात का, आणि टळत असतील तर मी सुरुवात कोठून करावी? (हल्ली लॅपटॉपवर अहवाल लिहिताना माझीही मान आखडते, पण ते राहू द्या.)
– एक पर्यवेक्षक

उत्तर : तुमच्या पत्रात खोक्याचे वजन आहे, टेबलाची उंची आहे, दुखावलेल्या माणसांची मोजदाद आहे, पण कमरेच्या तिन्ही दुखापतींचे मूळ बहुधा ज्या मापात सापडेल, ते माप नाही. उचलण्याच्या क्षणी खोके अंगापासून किती लांब असते? तुम्ही ते लिहिले नाही यात नवल नाही, कारण ओझे म्हटले की आपण ‘किती किलो’ एवढेच विचारतो आणि ‘किती लांब’ हे विचारायची सवय फारशी कोणाला नसते. तुमच्या वरिष्ठांनीही तेच केले आहे. १८ किलो जास्त की कमी, याचे उत्तर एकट्या १८ या आकड्यावरून देता येत नाही.

पॅलेटच्या पलीकडच्या रांगेतले, सगळ्यात खालचे खोके काढताना माणूस कसा उभा राहतो, ते आठवून पाहा. त्याचे पाय पॅलेटच्या कडेशी अडतात, गुडघे वरच्या खोक्यांना टेकतात, कमरेतून तो पुरता ओणवा होतो आणि हात लांबवून खोके ओढतो. त्या क्षणी खोके अंगापासून अर्धा मीटर तरी पुढे असते. कण्याच्या तळाशी असलेला मणका तेव्हा तरफेच्या टेकूसारखा काम करतो. टेकूच्या पुढे ५० सेंटिमीटरवर खोके असते, आणि त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू टेकूच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. तरफेची एक बाजू दुसरीच्या दहापट लांब झाल्यामुळे १८ किलोचे खोके तोलायला स्नायूंना सुमारे १८० किलोंच्या भाराइतका जोर लावावा लागतो, आणि यात पुढे झुकलेले धड, डोके आणि हात यांचे वजन अजून धरलेलेच नाही. हा सगळा जोर मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब होऊन उतरतो. तेच खोके त्याच माणसाने २५ सेंटिमीटरवर, पोटाशी धरले, तर खोक्यापुरता हा जोर निम्मा होतो.

वरिष्ठांपुढे केवळ तर्क ठेवून भागणार नाही, त्यांना आकडा लागेल, तोही देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, जिला सगळे ‘नायॉश’ म्हणून ओळखतात, उचलण्याच्या कामासाठी १९८१ मध्ये एक सूत्र दिले आणि १९९१ मध्ये ते सुधारले. त्याची सुरुवात २३ किलोंपासून होते, परंतु हे २३ किलो सर्वांत अनुकूल स्थितीसाठी आहेत : हात घोट्यांपासून २५ सेंटिमीटर पुढे, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, अंग न वळवता, चांगली पकड असताना आणि क्वचित उचलायचे असताना. यातली एकेक गोष्ट बिघडत जाईल तसा तो आकडा कापत जायचा. आता तुमचे काम त्यात घालू. खोके उचलताना हात घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे असतील तर २३ चे निम्मे, म्हणजे साडेअकरा किलो उरतात. खालच्या थरातल्या खोक्याला हात घालताना ते जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर असतात, म्हणून ०.८२ ने गुणायचे. तेथून टेबलापर्यंत ७५ सेंटिमीटर वर न्यायचे, म्हणून ०.८८ ने. पाय न हलवता कमरेतून ४५ अंश वळून ठेवले, तर सुमारे ०.८६ ने. आता उरले सात किलो. मिनिटाला एक या गतीने पूर्ण आठ तास हे चालणार असेल तर आणखी ०.७५ ने गुणायचे, म्हणजे हाती येतात सव्वापाच किलो. तुमचे खोके १८ किलोचे आहे. शिफारस केलेल्या वजनाच्या ते तिपटीहून अधिक भरते, आणि एक माणूस पाळीभरात अशी चारशेहून जास्त खोकी, म्हणजे सात टनांपेक्षा अधिक माल हलवतो.

हे सूत्र म्हणजे अमुक किलोला पाठ जाणारच असे भाकीत नव्हे. काही माणसे वीस वर्षे असे काम करूनही धडधाकट राहतात. शिफारशीच्या जितके वर जावे तितक्या अधिक लोकांच्या कमरेवर बेतण्याची शक्यता वाढते, एवढेच त्यातून कळते, आणि ३२ जणांत तिघांच्या बाबतीत तुमच्याकडे ते घडलेले आहे.

आता हेच गणित उलट बाजूने करून पाहा, कारण तुमच्या ‘याने दुखापती टळतात का’ या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. पॅलेटखाली वर-खाली होणारे मंच-टेबल बसवले, पॅलेटला चारही बाजूंनी जाता येईल अशी जागा ठेवली आणि खोके ठेवायचे टेबल त्याच उंचीला आणले, तर हात ७५ सेंटिमीटरच्या आसपास राहतील, खोके ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ येईल, वर नेण्याचे अंतर जवळपास उरणार नाही. पॅलेट आणि टेबल यांच्यात दोन पावलांचे अंतर असेल तर माणूस आपोआप पाय टाकून वळेल, कमरेतून पिळणार नाही. गती तीच, मिनिटाला एक, ठेवली तरी शिफारस सव्वापाच किलोंवरून १४ किलोंच्या थोडी वर जाते. खोके अजूनही भारीच ठरते, पण आता प्रश्न चार किलोंचा उरला. पुरवठादाराने तेच खोके १४ किलोचे भरून दिले आणि बाजूंना हात घालायला खाचा पाडून दिल्या तर तोही सुटतो. सर्वांत चांगला उपाय याच्याही पुढे आहे : दोन्ही उंची सारख्या झाल्या की मध्ये रोलरची पट्टी टाका आणि खोके सरकवा. जे उचलायचेच नाही त्याने उसण कशी भरणार?

भिंतीवरच्या चित्रांबद्दल मी थोडे कडक लिहिणार आहे. ‘गुडघ्यांतून वाका’ हा सल्ला एखादे लहान, जड ओझे क्वचित उचलायचे असेल तर ठीक आहे. तुमच्या माणसांनी मात्र तो पाळायचा तर दर मिनिटाला खोक्याबरोबर स्वतःचे सगळे शरीरही खाली नेऊन वर उचलायचे, चारशे वेळा. दुपारपर्यंत मांड्या भरून येतात आणि माणूस पुन्हा कमरेतून वाकू लागतो; त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय रुंद खोके दोन गुडघ्यांच्या मध्ये मावत नाही. उकिडवे बसले की ते गुडघ्यांच्या पुढे, म्हणजे अंगापासून आणखी लांब जाते, आणि चित्राप्रमाणे उचलणाऱ्याच्या कमरेवर उलट जास्त ताण येतो. उचलण्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण देऊन पाठदुखी टळते का, याचा अनेक चाचण्या एकत्र तपासून घेतलेला आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काम आहे तसेच ठेवून नुसते प्रशिक्षण दिल्याने पाठदुखी कमी होते असा पुरावा त्यात मिळाला नाही. कमरेच्या पट्ट्यांचेही तेच. नायॉशने १९९४ मध्येच सांगितले, की ज्याला दुखापत झालेली नाही त्याला दुखापत होऊ नये म्हणून पट्टा देण्याची शिफारस करता येत नाही. पुढे २००० मध्ये १६० दुकानांतील हजारो माल हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीतही पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्यात फरक दिसला नाही. पट्टा आवळला की माणसाला बळकट वाटते, हा त्यातला धोका आहे. वाटण्याने चकतीवरचा दाब घटत नाही. दिलेले पट्टे परत घेऊ नका, त्यावरून नाहक वाद होईल. पण ‘उपाय झाला’ म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवू देऊ नका.

खांद्याची तक्रार असलेल्या बाईंकडे वळू. टेबल ९० सेंटिमीटरचे, हे तुम्ही लिहिले आहे आणि उभ्याने करायच्या हलक्या कामाला ही उंची वाईट नाही. परंतु हात टेबलाच्या पृष्ठभागावर काम करीत नाहीत, ते खोक्याच्या आत काम करतात. खोके ३५ सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर त्याची वरची कड १२५ सेंटिमीटरवर येते. उभ्या माणसाचे कोपर साधारण ९५ ते ११० सेंटिमीटरच्या दरम्यान असते. म्हणजे प्रत्येक नग काढताना त्यांना दंड खांद्यापर्यंत वर उचलून, कडेवरून हात आत घालून, वाकडे मनगट करून बाहेर काढावे लागते. बाई बुटक्या असतील तर विचारायलाच नको. वर उचलून धरलेल्या हातात वजन काहीही नसले, तरी दंड तोलून धरणारे स्नायू सतत आवळलेले राहतात, आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, आणि खांद्याच्या सांध्यातल्या चिंचोळ्या जागेतून जाणारे स्नायुबंध हाडाखाली घासत राहतात. हा खांदा एका दिवसात दुखावलेला नसतो. यावर उपाय करायला लाखमोलाचे यंत्र लागत नाही : मोठ्या खोक्यांसाठी ६५ सेंटिमीटरच्या आसपासचे बुटके टेबल, किंवा खोके कामगाराच्या बाजूला कलते ठेवणारी लोखंडी चौकट, किंवा खोक्याची समोरची बाजूच कापून उघडण्याची पद्धत. लहान डबे भरायला जुने टेबल राहू द्या. उंच माणसाला योग्य असे टेबल बनवून बुटक्या माणसाच्या पायाखाली रुंद, न सरकणारी फळी देणे सोपे पडते. उलट केले तर उंच माणूस दिवसभर वाकून राहतो.

दोघींच्या हाताला मुंग्या येतात म्हणता, तर कोणत्या बोटांना, ते विचारा. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येत असतील, करंगळी मोकळी असेल आणि रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर मनगटातली नस (मज्जातंतू) दबत असण्याचा संशय धरावा. मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस, इतके सगळे दाटीवाटीने जाते. मनगट सरळ असले तर तेथला दाब कमी असतो. ते खाली किंवा वर मुडपले की दाब वाढतो, आणि मुडपलेल्या मनगटाने जोर लावून तेच तेच शेकडो वेळा केले की स्नायुबंधांना सूज येते आणि नसेला जागा उरत नाही. आता चिकटपट्टी लावणारीच्या शेजारी दहा मिनिटे उभे राहून केवळ तिच्या मनगटाकडे पाहा. बंदुकीसारख्या मुठीचे पट्टीयंत्र उभ्या बाजूवर सरळ चालते, मनगट ताठ राहते. तेच यंत्र डब्याच्या आडव्या झाकणावरून ओढताना मनगट करंगळीच्या बाजूला मुरडते आणि कोपर बाहेर निघते. डबा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली घेतला, किंवा सरळ मुठीचे यंत्र दिले, तर हे वळण जाते. मनगट मोडण्याऐवजी अवजाराची मूठ मोडावी, अशी या क्षेत्रात जुनी म्हण आहे.

मुठीवरून कटरची गोष्ट निघते. जोर लावायच्या अवजाराची मूठ साधारण ३ ते ५ सेंटिमीटर जाडीची आणि किमान १० सेंटिमीटर लांब असावी, म्हणजे तिचे टोक तळव्याच्या मधोमध रुतत नाही. चपट्या, पातळ पत्र्याच्या कटरला माणूस मुठीत धरत नाही, चिमटीत धरतो. आणि चिमटीची ताकद मुठीच्या ताकदीच्या सुमारे पावपट असते. पाते बोथट झालेले, पकड चिमटीची, पाळीचा शेवटचा तास : यातून कटर घसरला तर त्याला निष्काळजीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्याकडे तो कोणत्या वेळी घसरला, ते नोंदवहीत पाहा. पाते आपोआप आत जाणारे, जाड मुठीचे कटर आणि पाती बदलण्याचा ठरलेला वार, एवढे तातडीने करा.

‘माणसेच नीट करीत नाहीत’ या वाक्याला एक जुना दाखला आहे आणि तो तुमच्या वरिष्ठांना जरूर सांगा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने उतरल्यानंतर धावपट्टीवर पोटावर आदळू लागली. विमान सुखरूप उतरलेले असे, आणि वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवायला जाऊन चुकून चाकेच मिटवत असे. ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद होई. आल्फोन्स शापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये पाहिले, तेव्हा दोन्ही कामांचे खटके एकसारखे आणि शेजारी-शेजारी बसवलेले होते. त्याने चाकांच्या खटक्याला चाकासारखे रबरी टोक आणि फ्लॅपच्या खटक्याला पंखासारखी पाचर लावली, म्हणजे अंधारातही बोटांना फरक कळावा. मग त्या चुका थांबल्या. वैमानिक तेच होते. त्यांना कोणी जादा प्रशिक्षण दिले नव्हते, पट्टाही बांधला नव्हता.

फॅड म्हणाल, तर अर्गोनॉमिक्स हा शब्द १८५७ सालचा आहे. व्होइचेह यास्त्शेम्बोव्स्की या पोलिश निसर्गशास्त्रज्ञाने ‘काम’ आणि ‘नियम’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो बनवला. विचार त्याहून जुना आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, आणि लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे सांगितली : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीचे हे निदान तुमच्या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसांना लावून पाहा, ‘बसून’च्या जागी ‘उभे’ घातले की झाले.

आता सुरुवात कोठून. सल्लागार बोलावण्याआधी एक मोजपट्टी, एक वही आणि अर्धा तास काढा, आणि कामगारांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेले जुगाड शोधा. पायाखाली उलटा घातलेला क्रेट, कटरच्या मुठीला गुंडाळलेली चिंधी, टेबलाच्या कडेला कोपराखाली चिकटवलेला पुठ्ठा : यातला प्रत्येक जुगाड म्हणजे एक निदान आहे आणि ते फुकट मिळालेले आहे. एका कारखान्यात तपासणीच्या आदल्या दिवशी असा एक क्रेट ‘अस्ताव्यस्तपणा’ म्हणून उचलून नेताना मी स्वतः पाहिले आहे. मी काही बोललो नाही, याची मला अजून चुटपुट आहे. क्रेट उलटा ठेवणे धोक्याचे होते हे खरे, त्यावरून पाय घसरला असता. पण त्या जागी धड फळी द्यायची सोडून नुसता क्रेट नेला, आणि ती बाई पुन्हा टाचा उंचावून काम करू लागली.

चिंधी दिसली की मूठ बदला, क्रेट दिसला की उंची मोजा. मग प्रत्येकाशी एकेकट्याने बोला. ‘काही त्रास आहे का’ असे विचारलेत तर ‘नाही’ असेच उत्तर येईल. ‘या कामातला कोणता भाग उद्या दुसऱ्या कोणी केला तर बरे वाटेल’ असे विचारा. कागदावर माणसाची साधी आकृती काढून, दुखते तेथे फुली करायला सांगा, नाव लिहू नका. ३२ आकृत्या एकावर एक ठेवल्या की फुल्यांचा गठ्ठा कोठे पडतो, ते तुमच्या वरिष्ठांनाही न समजावता दिसेल. कामगारांना विचारून मोबाइलवर काम चित्रित करा आणि संथ गतीने पाहा. हात किती वेळा खांद्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जातात, ते मोजा. सगळा विभाग एकदम बदलायला जाऊ नका. एकच पॅलेट आणि एकच टेबल घ्या, ते दुरुस्त करा, तेथे सर्वांना पाळीपाळीने दोन-तीन आठवडे काम करू द्या. पैशांच्या मंजुरीसाठी माझ्या लेखापेक्षा ते टेबल अधिक बोलेल.

जागा बदलायला वेळ लागेल, तोवर कामाची विभागणी बदलता येते. अदलाबदल मात्र डोळसपणे करा : कटर चालवणारीला पट्टी लावायला पाठवले तर मनगटाला विश्रांती मिळत नाही, फक्त कंटाळा बदलतो. उचलणाऱ्याला तपासणीवर आणि तपासणाऱ्याला ट्रॉली ढकलण्यावर पाठवा, म्हणजे स्नायूंचा गट बदलेल. छोट्या विश्रांतीला घाबरू नका. संगणकावर माहिती भरणाऱ्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या सुट्यांखेरीज तासाला पाच मिनिटांची जादा विश्रांती देऊन नायॉशने पाहिले, तेव्हा त्रास घटला आणि काम कमी झाले नाही. पहिल्या पाळीचा पहिला तास हलक्या कामाचा ठेवा. रात्रभर आडवे असताना मणक्यांतल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, आणि उठल्यावरच्या पहिल्या तासाभरात पूर्ण वाकले की त्यांच्यावर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. पहाटे उठून थेट पॅलेटवर ओणवा होणारा माणूस नेमका त्याच वेळेत सापडतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारतो. ‘अपघातरहित दिवस’ मोजणारा फलक आणि त्यावर बक्षीस असे काही तुमच्याकडे आहे का? असेल तर तो उतरवायचा प्रयत्न करा. फलकामुळे दुखणी घटत नाहीत, सांगणारे घटतात. सुरुवातीला दुखणे रात्रीच्या झोपेने जाते, पुढे ते सकाळीही उरते, आणि मग काम नसतानाही ठुसठुसत राहते. पहिल्या टप्प्यावर कळले तर टेबलाची उंची बदलून भागते, तिसऱ्यावर कळले तर महिने जातात.

मुंग्या येणाऱ्या दोघींना आणि खांद्याच्या बाईंना आताच डॉक्टरांकडे पाठवा. पकड सैल होऊन वस्तू हातातून पडू लागण्याची वाट पाहू नका. कमरेच्या दुखण्याबरोबर कोणाच्या पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर ते त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे दुखणे आहे. बरे होऊन परतलेल्या माणसाला तीच उंची, तीच गती आणि तोच कटर पुन्हा देऊ नका.

आणि तुमच्या मानेचे ‘राहू द्या’ म्हणता, ते मी राहू देणार नाही. डोक्याचे वजन सुमारे पाच किलो असते आणि लॅपटॉपचा पडदा त्याच्या कळफलकाला जोडलेला असल्यामुळे एकतर मान झुकते किंवा हात वर येतात. दोन्ही एकदम बरोबर बसत नाही. लॅपटॉप एखाद्या रिकाम्या खोक्यावर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणा, पडदा हातभर अंतरावर ठेवा, कळफलक आणि माऊस वेगळे जोडा. दुहेरी भिंगांचा चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून बसाल. नवी खुर्ची मागू नका, अर्ध्या तासाने उठून विभागात एक फेरी मारा; तेवढ्यात टेबलांकडेही लक्ष जाईल.

पुढच्या पत्रात मला दोन मापे कळवा : पलीकडच्या रांगेतले खालचे खोके उचलताना हात घोट्यांपासून किती सेंटिमीटर पुढे जातात, आणि खोक्याची वरची कड जमिनीपासून किती उंच आहे. वरचा हिशेब मी ५० आणि १२५ धरून केला आहे. तुमचे आकडे वेगळे असतील तर तो पुन्हा मांडून देईन. खाचा पाडलेली, १४ किलोची खोकी देता येतील का, हेही पुरवठादाराला विचारून ठेवा.